शून्य सोडून

रक्षा मडावी प्रभाकररावांच्या नजरेत पहिल्यांदा भरली ती एका कुलपामुळे.

समोरच्या ओट्यावर, मंदाबाईच्या रस्त्याकडच्या खोलीला कुलूप लावून ती खाली उतरली, स्कूटीपर्यंत गेली, थबकली, परत ओट्यावर चढली आणि कुलूप हिसडून पाहिलं. मग निघाली. प्रभाकरराव आपल्या दुकानात बसून शेंगदाण्यातले खडे निवडत होते. त्यांचा हात सुपातच थांबला. आंजीत लावलेलं कुलूप परत येऊन ओढून पाहणारा माणूस आजवर एकच होता, आणि तो म्हणजे ते स्वतः. असा दुसरा माणूस गावात आला, याचा त्यांना आनंद झाला नाही.

"शकुंतला," त्यांनी आत हाक मारली, "मंदाबाईची खोली कोनं घेतली व?"

"अवो, ते ऑनलाइनवाली पोरगी. हिंगणीची हाय. आधार, सात-बारा, सगळं काढून देते म्हंते."

"कुलूप दोनदा ओढून पाह्यते."

"तुमी तीनदा ओढता."

"माह्या दुकानात माल हाय. तिच्या खोलीत का हाय?"

आतून फोडणीचा आवाज आला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं आणि कुठल्या प्रश्नावर भाजीला फोडणी द्यायची, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

प्रभाकरराव वैरागडे वाईट माणूस नव्हते. कुणाच्या घरी आजारपण आलं तर पहिला डबा त्यांच्या घरून जायचा. पण संशय त्यांच्या अंगात मिठासारखा मुरलेला होता. वरून दिसायचा नाही, चवीला मात्र लागायचा. तुपाचा डबा फोडला की आधी थेंबभर तळहातावर चोळायचे. एसटी वेळेवर आली की डोकं बाहेर काढून पाहायचे, आज हिला काय झालं म्हणून. डॉक्टरनं गोळी दिली तर पाकिटावरची तारीख स्वतः वाचायचे आणि मग तीच तारीख डॉक्टरला वाचायला लावायचे. दोघांची जुळली की गोळी पोटात. आंजीतल्या लोकांना हे सगळं माहीत होतं आणि ते हसून सोडूनही द्यायचे. शिवाय प्रभाकररावांच्या संशयानं गावाला दोन-चारदा वाचवलंही होतं, त्यामुळे त्यांच्या दुकानातल्या शब्दाला वजन होतं. पुढं जे झालं ते या वजनामुळे झालं.

खोलीत संगणक आला, प्रिंटर आला, अंगठा लावायचं यंत्र आलं. आधीचा सेवा केंद्रवाला गाव सोडून गेल्यापासून लोक प्रत्येक कागदासाठी वर्ध्याला जात होते. आता सकाळपासून ओट्यावर चपलांचा ढीग पडू लागला. रक्षा सावळी, अंगानं बारीक, बोलायला मोकळी. कागद हातात घेतला की आधी माणसाकडं पाहायची, मग कागदाकडं. म्हाताऱ्या बायकांचा अंगठा यंत्रावर उमटत नसे, तेव्हा त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन कोमट होईपर्यंत चोळायची. संध्याकाळी स्कूटीवर हिंगणीला परत. तिथं बोर धरणाच्या बाजूला तिची आई एकटी होती. ती तेंदूपत्ता तोडायला जायची, आता गुडघ्यांनी जंगल सोडायला लावलं होतं.

दुपारी रक्षा आईशी फोनवर बोलायची ते गोंडीत. रस्त्याच्या अलीकडून प्रभाकरराव कान देऊन ऐकायचे आणि काही हाती लागायचं नाही.

"काय बोलते कोन जाने," ते म्हणायचे.

"आईले इचारत असन, जेवली का म्हनून."

"तुले गोंडी येते?"

"आईसंग फोनवर कोनी दुसरं का बोलते?" शकुंतलाबाई म्हणायच्या.

हे इथवरच राहिलं असतं. पण सरकारी साइट जशी चालते तशी चालत होती, म्हणजे बहुतेक वेळ चालत नव्हती. सर्व्हर बसला की ओट्यावरची माणसं कुरकुरायची, उठून जायची, जाताना शिव्या द्यायची. त्यांना धरून ठेवायला रक्षानं एक खेळ काढला. आश्रमशाळेत तिच्या गणिताच्या बाईंनी तो दाखवला होता आणि त्यातलं गुपित सांगितलं नव्हतं. रक्षानं ते स्वतःच शोधून काढलं होतं.

"एक मोठा आकडा लिहा," ती सांगायची. "मले दाखवू नका. मग त्यातलेच अंक उलटेपालटे करून खाली दुसरा आकडा लिहा. मोठ्यातून लहान वजा करा. जे उत्तर येईन, त्यातल्या एका अंकाले गोल करा. शून्य सोडून, शून्याले गोल करून का मजा. आता बाकीचे अंक मले सांगा. कसेही सांगा, मागचे पुढं, पुढचे मागं."

माणूस अंक सांगायचा. रक्षा खिडकीबाहेर पाहत ऐकायची आणि म्हणायची, "तुमी गोल केला तो चार." आणि तो चारच असायचा.

ओटा हसायचा. कुरकुर बंद व्हायची. चक्कीवाला चिंधू तर पीठ माखलेल्या अंगानं मुद्दाम यायचा आणि पुन्हा पुन्हा हरून जायचा. "बाप्पा, हे पोरगी डोक्यात हात घालते," असं तोच सगळीकडं सांगत फिरला. त्याच्या तोंडी हे कौतुक होतं.

एक गोष्ट मात्र रक्षाच्या ध्यानात आली नाही. मोठा आकडा लिहा म्हटलं की शाळेतली मुलगी मनानं काहीही अंक लिहिते. पण गावातल्या मोठ्या माणसाला मोठा आकडा म्हटला की एकच आठवतो. हातात आधारचं कार्ड असतंच, त्यावर बारा अंक छापलेले असतात. जो तो तेच लिहायचा. कार्ड नसलं तर मोबाईल नंबर.

शकुंतलाबाई आपल्या ई-केवायसीला गेल्या आणि हसत परत आल्या. "बरोबर नऊच सांगतला तिनं. मी नऊले गोल केला होता."

"कोनता आकडा लिहला होता?"

"आधारचा."

प्रभाकररावांच्या हातातली तागडी हलायची थांबली. "तू तिले आधारचा आकडा देला?"

"देला नाई. कागदावर लिहला अन् कागद फाडून टाकला. तसाही तिच्या मशिनीत तो टाकाच लागते ना, केवायसीले गेली तर."

"मशिनीत टाकनं अलग. डोक्यातून काढनं अलग."

दुसऱ्या दिवशी लाइटबिलाचं निमित्त करून प्रभाकरराव स्वतः ओट्यावर चढले. आकडा त्यांनी घरूनच तयार करून आणला होता. आधारचा नाही, फोनचा नाही; दुकानातल्या चहाच्या, साबणाच्या, बिस्किटांच्या पुड्यांवरचे अंक एकापुढं एक मांडून केलेला, जो जगात कुणालाच ठाऊक असणं शक्य नव्हतं. ८४०७१५२६३९०२. तो उलटा फिरवून २०९३६२५१७०४८. वजाबाकी करून उत्तर ६३१३५२७४६८५४. त्यातल्या सातला गोल. कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात.

"चाल, सांग," ते म्हणाले. "सहा, आठ, तीन, चार, पाच, एक, तीन, चार, दोन, सहा, पाच."

रक्षानं ऐकून घेतलं. "सात, काकाजी."

प्रभाकरराव हसले नाहीत. लाइटबिल न भरताच खाली उतरले. दुकानात येऊन त्यांनी खिशातला कागद उलगडून पाहिला, कुठून दिसत तर नव्हता ना म्हणून उजेडात धरला. आरपार काही दिसत नव्हतं. मग ती रीत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मनात म्हटली आणि एका शब्दाशी अडकले. शून्य सोडून. प्रत्येकाला ती हे सांगते. हसत सांगते, जाता जाता सांगते, पण सांगतेच. का? ज्याला सगळं दिसतं त्याला शून्य काऊन चालत नाही?

हे त्यांनी मनात ठेवलं. भाव चढेपर्यंत माल कोठीत ठेवावा, तसं.

त्यानंतर चिंधूला पोलीस स्टेशनातून बोलावणं आलं. त्याच्या नावावर एक सिमकार्ड निघालं होतं, जे त्यानं कधी घेतलंच नव्हतं, आणि त्या नंबरावरून कुठल्यातरी दूरच्या गावात कुणीतरी कुणालातरी फसवलं होतं. चिंधूला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, जबाब घेतला, पुन्हा यावं लागेल असं सांगून सोडलं. परत आला तेव्हा त्याच्या अंगावर पीठ नव्हतं, आणि पीठ नसलेला चिंधू गावानं पहिल्यांदाच पाहिला. चेहरा मात्र पिठापेक्षा पांढरा होता.

तो प्रभाकररावांच्या दुकानापुढच्या बाकड्यावर बसला. चार माणसं गोळा झाली. "माह्या आधारवर सिम निंघालं म्हंते," तो म्हणाला. "माहा आधार कोनाजवळ जाईन? मी तर कोनाले देल्ला नाई."

कुणीतरी म्हणालं, जंगलाकडची विद्या असते बाबा एकेकाजवळ. प्रभाकररावांचा विद्येवर विश्वास नव्हता. त्यांचा संशय नव्या जमान्याचा होता, मोबाईल आणि ओटीपीचा. पण ते त्या माणसाला खोडायला गेले नाहीत. ते फक्त मीठ तोलता तोलता म्हणाले, "जिले मनातला एक अंक दिसते, तिले बाराच्या बारा काऊन दिसत नसन?"

एवढंच. आवाज चढवला नाही, नाव घेतलं नाही. पण वाक्य दुकानातून मिठाच्या पुडीबरोबर घरोघरी गेलं. त्या आठवड्यात समोरच्या ओट्यावरच्या चपला कमी होत गेल्या आणि मग उरल्या फक्त रक्षाच्या. बायका पुन्हा वर्ध्याची बस धरू लागल्या. जाताना ओट्याकडं पाहायच्या नाहीत, आणि ओटीपी आला की पदराआड धरायच्या, जणू रस्त्यापलीकडून कुणी तो ओढून घेईल.

मंदाबाई स्वभावानं भित्री. तिनं रक्षाला सांगितलं, "बाई, तू वाईट नाईस, मले मालूम हाय. पन लोकं माह्या दारापुढून थुंकत जाऊन राह्यले. महिना संपला का खोली मोकळी कर."

खोली गेली की केंद्र जाणार होतं, कारण मंजुरी आंजीच्या, याच खोलीच्या पत्त्यावर होती. आणि केंद्र असं गेलं की नाव असं बदनाम होणार होतं, की पुढं कुठल्या गावात कुणी तिच्या यंत्रावर अंगठा ठेवला नसता.

रक्षा त्या दिवशी दुपारी रस्ता ओलांडून प्रभाकररावांच्या दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. ती बाकड्यावर बसली नाही.

"काकाजी, ते बाराच्या बारा अंकांचं बोलनं तुमचं होय ना?"

"मी कोनाचं नाव घेतलं नाई."

"म्हनूनच इचारून राह्यली. नाव न घेता बोलनारा अथी दुसरा कोनी नाई."

प्रभाकररावांनी तिच्याकडं नीट पाहिलं. ती चिडलेली नव्हती. वजन बरोबर आहे का हे पाहणारं गिऱ्हाईक जसं काट्याकडं पाहतं, तशी पाहत होती.

"तू चार लोकांत तो खेळ करून दाखव," ते म्हणाले. "आकडा लोकं सांगतीन. वजाबाकी मी करीन. गोल मी करीन. तू पाठ फिरवून उभी राह्यजो."

"करतो," रक्षा म्हणाली. इकडच्या कितीतरी बायकांसारखी तीही कधीकधी अशी पुरुषी बोलायची. "पन मंग तुमी जे पाह्यसान ते खरं बोलजा."

"मी खोटं कधी बोललो नाई."

"नाई. तुमी फकस्त अर्धं बोलता," असं म्हणून ती निघून गेली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या शकुंतलाबाईंनी ते ऐकलं, आणि त्या दिवशी जेवताना नवऱ्याला त्यांनी दुसऱ्यांदा वरण विचारलं नाही.

रविवारी दुपारी मंदाबाईच्या ओट्यापुढं माणसं जमली. चिंधू होता, मंदाबाई दाराला टेकून होती, वर्ध्याची बस धरणाऱ्या बायका होत्या. प्रभाकररावांनी बिस्किटांचं एक रिकामं खोकं उलगडून त्याची कोरी बाजू वर केली होती. रक्षा रस्त्याकडं तोंड करून, खोक्याकडं पाठ करून उभी राहिली. तिच्या पुढं काही चमकणारं तर नाही ना, आरसा, स्कूटीची काच, हे प्रभाकररावांनी फिरून पाहिलं. स्कूटीचा आरसा त्यांनी स्वतः वळवून ठेवला. मग त्यांनी बोटानंच खुणावलं आणि माणसांनी येऊन त्यांच्या कानात एकेक अंक सांगितला. खोक्यावर आकडा झाला ७३५२१८४६०९२७. खाली त्याच अंकांची उलथापालथ करून त्यांनी लिहिलं ४१७९२८३०६७५२. वजाबाकी आधी हातानं केली, मग मोबाईलवर केली, कारण त्यांचा दोघांवरही पूर्ण विश्वास नव्हता. दोन्ही उत्तरं जुळली. ३१७२९०१५४१७५.

या सगळ्या अंकांत एकच शून्य होतं. प्रभाकररावांनी मार्कर उचलला, सावकाश त्या शून्याभोवती गोल काढला आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्यांकडं पाहिलं. माणसं पुढं वाकली. काय चाललंय ते सगळ्यांना कळलं नाही, पण काहीतरी पकडलं जाणार आहे हे कळलं.

"सांगतो," ते म्हणाले. "पाच, सात, एक, चार, पाच, एक, नऊ, दोन, सात, एक, तीन."

रक्षा आज खिडकीतून पाहत नव्हती. पुढं सारा रस्ता होता. तिनं ऐकलं.

"नऊ," ती म्हणाली.

"चुकलीस," प्रभाकरराव म्हणाले. "पाह्यलं ना सगळ्यायनं? शून्याले गोल हाय. नऊ म्हंते."

माणसांत कुजबुज उठली. मंदाबाईनं तोंडाला पदर लावला. प्रभाकररावांच्या छातीत एक जुनं, ओळखीचं सुख उठलं, भेसळ सापडल्याचं. इतके दिवस मनात जपून ठेवलेलं शून्य आज कामी आलं होतं. "म्हनूनच हे सगळ्याले सांगते, शून्य सोडून. इचारा तिले, शून्यात का हाय लपवलेलं."

रक्षा वळली. खोक्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती यायला हवी होती, ती आली नाही. "हो," ती म्हणाली, "शून्य असलं का मले समजत नाई. नऊ का शून्य, दोन्ही सारखंच येते."

"म्हंजे तुले दिसत नाई?"

"दिसत नाईच, काकाजी."

"पन तू तर…"

"अवो," शकुंतलाबाई मागून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या हे कुणी पाहिलं नव्हतं. हातात पाण्याचा तांब्या होता. "तिले तुमच्या मनातलं दिसत असतं, तर शून्य दिसलं नसतं का? तुमच्या मनात आठवडाभर शून्याशिवाय दुसरं होतं तरी का?"

पहिल्यांदा चिंधू हसला. मग ओटा हसला, पण पूर्वीसारखं मोकळं नाही. लाजलेली माणसं हसतात तसं. प्रभाकरराव मार्कर हातात घेऊन उभे राहिले. आपण पकडलेल्या चोरानंच चोरी झाली नाही हे सिद्ध केलं, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"मंग कसं सांगतेस?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता, पण प्रश्न संशयाचाच होता.

रक्षानं मार्कर त्यांच्या हातातून घेतला. "शंभर म्हंजे का? नव्व्यान्नव अन् एक. हजार म्हंजे नऊशे नव्व्यान्नव अन् एक. आमी तेंदूपत्त्याचे पुडे बांधतो ना, तसे नऊ-नऊचे पुडे बांधत जा. सातचा अंक हजाराच्या घरात बसो का दहाच्या, पुडे बांधून झाले का मागं सातच सुटे राह्यतीन. अंकायनं जागा बदलली तरी सुटे तेवढेच. मंग त्याच अंकायचा एक आकडा दुसऱ्यातून काढला का सुट्यातून सुटे गेले. राह्यले निस्ते पुडे. म्हनून उत्तराचे अंक मिळवले का नऊ, अठरा, सत्तावीस, असंच येते. तुमी एक लपवता. मी बाकीचे मिळवतो अन् पाह्यतो, नऊच्या पाढ्याले किती कमी पडून राह्यलं. जे कमी, ते तुमच्या गोलात."

"म्हंजे बकऱ्या कोन्त्याही रांगेनं घरी येवो," चिंधू म्हणाला, "दावनीले तेवढ्याच."

"तेच. अन् आज सगळे मिळवले तर पंचेचाळीस झाले. नवाच्या पाढ्यात पुरे. म्हंजे एक तर नऊ लपवला, नाई तर शून्य. मले कसं समजनार? म्हनून पह्यलेच सांगतो, शून्य सोडून."

प्रभाकरराव खोक्याकडं पाहत होते. त्यांनी ओठांत पुटपुटत अंक मिळवले. पंचेचाळीस. आणि मग त्यांना दिसले आपले वडील, याच दुकानात, गुणाकार झाला की पाटीवर फुली मारून तिच्या चार कोनांत चार अंक भरणारे. नवाचा ताळा, उत्तर बरोबर आलं का ते अंकांच्या बेरजेनं पडताळायची जुनी रीत. कॅल्क्युलेटर आला तोवर प्रभाकररावांनी स्वतः तो रोज घातला होता. वडील एक गोष्ट सांगायचे: ताळ्यावर सगळी भिस्त ठेवू नको, अंक उलटे पडले तर ताळ्याला कळत नाही, त्रेसष्टचे छत्तीस झाले तरी ताळा जुळतोच. ज्या उणिवेची वडिलांनी भीती घातली होती, तिचाच या पोरीनं खेळ केला होता. आणि आपण घरातलं माप ओळखलं नाही.

"हा तर ताळा होय," ते म्हणाले. "आमच्या बाबाचा."

"तुमच्या बाबाचा, माह्या शाळेतल्या बाईचा, सगळ्याचाच," रक्षा म्हणाली.

मग तिनं चिंधूला खाली बसवलं. "भाऊ, आता मले सांगा, कोनाजवळ अंगठा देला?"

"कोनाले नाई."

"आठवा. राशनवर देला?"

"तो तर दर महिन्याले."

"अजून?"

चिंधूनं डोकं खाजवलं. "बाजाराच्या दिवशी तो छत्रीवाला होता ना, सिमवाला. माह्यं जुनं सिम बंद पडलं होतं, ते त्याच्याजवळून घेतलं. अंगठा पह्यल्यांदा उठला नाई म्हने, पीठ हाय बोटाले म्हने. मंग दुसऱ्यांदा घेतला."

"अन् सिम किती देले?"

"एकच."

रक्षानं आपल्या फोनवर सरकारची साइट उघडली, आपल्या नावावर किती सिम आहेत ते दाखवणारी. ओटीपी चिंधूच्या फोनवर आला आणि तो तिनं चिंधूलाच टाकायला लावला, आपण तोंड फिरवून. चिंधूच्या नावावर दोन नंबर होते. एक त्याच्या खिशात होता. दुसरा पहिल्या अंगठ्याचा.

"तो छत्रीवाला कुठं बसला होता?" मंदाबाईनं विचारलं. तिनं भोळेपणानंच विचारलं.

चिंधूनं रस्त्यापलीकडं पाहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं. छत्री प्रभाकररावांच्या दुकानाच्या खांबाला बांधलेली होती. दोरी त्यांनीच दिली होती. मोबाईल चार्ज करायला बोर्ड त्यांचाच होता, आणि त्या माणसाचा सदरा इस्त्रीचा होता, बोलणं गोड होतं, प्रभाकररावांना तो "शेठजी" म्हणाला होता. संशय त्यांना कशाचाच आला नव्हता.

"माह्या दुकानापुढं बसला होता," प्रभाकरराव स्वतःच म्हणाले. रक्षा त्यांना अर्धं बोलता म्हणाली होती; हे त्यांनी पूर्ण म्हटलं. "दोरी मी देल्ली होती."

दुसऱ्या दिवशी ते चिंधूसोबत पोलीस स्टेशनला गेले आणि त्या माणसाचं वर्णन देऊन आले. सदऱ्याचा रंगही त्यांना आठवत होता. तो सापडला की नाही ते गावाला कळलं नाही. चिंधूला मात्र पुन्हा बोलावणं आलं नाही.

मंदाबाईनं महिन्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. ओट्यावर चपला परत आल्या त्या एकदम नाही. आधी चिंधूच्या, पिठाच्या. मग एका म्हातारीच्या. आणि एक दिवस सकाळी, रक्षा कुलूप काढत असतानाच, प्रभाकरराव ओट्यावर येऊन उभे राहिले.

"माह्या नावावर किती सिम हाय ते पाह्य," ते म्हणाले.

"तुमीही त्याच्याजवळून घेतलं होतं?"

"फुकट देत होता."

ओटीपी आला तेव्हा त्यांनी फोनवर तळहात आडवा धरला आणि कुबड काढून एकेक अंक टाकला. रक्षा भिंतीकडं पाहत उभी राहिली. पडद्यावर दोन नंबर आले. एक त्यांचा, एक शकुंतलाबाईंच्या फोनमधला, छत्रीवाल्याकडून त्यांच्याच नावावर घेतलेला.

"दोनच हाय," रक्षा म्हणाली. "बरोबर हाय."

"अजून एकदा पाह्य," प्रभाकरराव म्हणाले.

तिनं अजून एकदा पाहिलं. परत येताना त्यांनी ओट्याखाली पडलेला एक कागद उचलला, वाचला, कोरा निघाला तरी खिशात ठेवला. दुकानात आल्यावर शकुंतलाबाईंनी विचारलं, झालं का समाधान. ते म्हणाले, "साइट खरी हाय का ते कोन पाह्यते?" आणि शेंगदाणे निवडायला बसले. पण बाजाराच्या दिवशी आता त्यांच्या खांबाला कुणाची छत्री बांधलेली नसते, आणि वर्ध्याची बस धरायला निघालेल्या बाईला ते दुकानातूनच हाक मारून सांगतात, समोर होते सगळं, तिकडं कायले जातेस.

ओट्यावर आजही सर्व्हर बसला की खेळ चालतो. आधारचा आकडा घ्यायचा नाही, हे आता रक्षा पहिल्यांदा सांगते. शून्याचं शेवटी.

मंदाबाईची मागची खोली पावसाळ्याआधी रिकामी झाली. रक्षा मडावी आता हिंगणीहून येत-जात नाही. आईला घेऊन त्या खोलीत राहते.